सिनेमाचा तास कोणत्या विषयाचा?

गेल्या महिन्यात भाचीच्या शाळेतून पालकांच्या ग्रुपवर एक सूचना आली. सातवीच्या मुलांनी 'चित्रपट' घेऊन कला-समाकलित प्रकल्प करायचा, आणि त्यात विज्ञान, गणित, इतिहास, भाषा हे चारही विषय यायला हवेत. अर्ध्या तासात ग्रुपवर संदेशांचा पाऊस. "म्हणजे पिक्चर बघायचा का?" "कुठला बघायचा?" "थर्माकोलचा प्रोजेक्टर तयार मिळतो का कुठे?" ताईने फोन माझ्यापुढे सरकवला. "तूच सांग बाई, सिनेमात गणित कुठून आणायचं?"

प्रश्न रास्त होता. तिच्यासाठी जे शोधलं, ते इथे मांडते आहे.

आधी त्या जडजंबाल शब्दाचा निकाल लावू. कला-समाकलित शिक्षण म्हणजे चित्र, नाटक, संगीत, सिनेमा यांच्या आधाराने इतर विषय शिकणं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात त्याचा आग्रह आहे, आणि सीबीएसईने त्याच वर्षी पहिली ते दहावीला असे प्रकल्प सक्तीचे केले. शब्द मोठा असला तरी कल्पना साधी आहे. तिची माती होते ती अंमलबजावणीत, कारण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

गाडीत बसणं आणि बॉनेट उघडणं

पहिली गोष्ट आपण सगळ्यांनी अनुभवली आहे. दूरदर्शनवर बालचित्रवाणीचे कार्यक्रम लागायचे, त्यात ज्वालामुखी कसा फुटतो ते दाखवायचे. तिथे सिनेमा म्हणजे गाडी होती. ज्वालामुखीपर्यंत पोचवलं की तिचं काम संपलं.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याच गाडीचं बॉनेट उघडून बघणं. हे चित्र हलतं कसं? हा माणूस इथेच का उभा केला? ही गोष्ट खरी की रचलेली? इथे सिनेमा हीच अभ्यासाची वस्तू होते, आणि तिच्या आत पाहू लागलं की विषय आपोआप एकमेकांत शिरतात. सिनेमा हे यंत्र आहे, रसायन आहे, गोष्ट आहे, धंदा आहे आणि आपल्या काळाचा पुरावाही आहे. एका विषयाच्या वहीत तो मावत नाही.

या दुसऱ्या कामाला तीन तासांचा सिनेमा लागत नाही. दोन मिनिटांचा तुकडा पुरतो. मी ताईला सुचवला तो आपल्या घरचाच नमुना, दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र'. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात तो लोकांसमोर आला. एवढं वाक्य पाठ्यपुस्तकात असतंच. त्याच्या पुढे मात्र फारसं कुणी जात नाही.

फुटपट्टी लावा, गणित सुरू होतं

सिनेमा म्हणजे ओळीने काढलेले स्थिर फोटो. त्यातल्या एका फोटोला फ्रेम म्हणतात. जुन्या काळी हे फोटो ३५ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर असत आणि एका फुटात बरोबर १६ फ्रेम बसत. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी साधारण ३,७०० फूट सांगितली जाते. म्हणजे ५९,२०० फोटो.

आता पुढचं. त्या वेळी कॅमेऱ्याला मोटर नव्हती, हँडल होतं. एका फेऱ्यात ८ फ्रेम सरकत, म्हणून कॅमेरावाल्याने सेकंदाला दोन फेरे मारायचे, की १६ फ्रेम होतात. फाळक्यांनी हे काम त्र्यंबक तेलंग या मित्राला शिकवलं होतं. सेकंदाला १६ फ्रेम म्हणजे सेकंदाला एक फूट. त्या हिशेबाने ३,७०० फूट म्हणजे ३,७०० सेकंद, म्हणजे ६१ मिनिटं ४० सेकंद. पुढे बोलपट आले आणि वेग सेकंदाला २४ फ्रेमवर ठरला. तीच पट्टी त्या वेगाने चालवली तर सिनेमा ४१ मिनिटांत संपतो. जुन्या फितीत माणसं तुरुतुरु पळताना दिसतात ती बऱ्याचदा यामुळे. त्यांच्या अंगात काही जास्त चपळाई नव्हती, आपलं यंत्र घाईत आहे. वेग, अंतर आणि वेळ यांचं हे गणित 'अ गावाहून ब गावाला निघालेल्या आगगाडी'पेक्षा भाचीला जास्त पटलं, कारण तिने लगेच मोबाइलवर आईचा व्हिडिओ दीडपट वेगाने लावून पाहिला.

अजून एक आकडा. पट्टी सरकायची तर कडांना भोकं हवीत, एका फ्रेमला एका बाजूला चार. दोन्ही कडा धरून फुटाला १२८. ३,७०० फुटांना ४,७३,६०० भोकं. फाळक्यांनी लंडनहून आणलेली कोरी फिल्म भोकं न पाडलेली होती, आणि ती अंधारात यंत्राला लावून भोकं पाडण्याचं काम सरस्वतीबाई फाळके करत. फिल्म धुणं त्यांच्याकडे, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. दागिने गहाण पडले होते ते वेगळंच. 'पत्नीने मोलाची साथ दिली' या पुस्तकी वाक्याच्या पोटात किती काम दडलेलं असतं, ते हा गुणाकार केल्यावर कळतं. गुणाकारातून इतिहास दिसण्याचा याहून चांगला नमुना माझ्याकडे नाही.

वाटाण्याची गोष्ट, आणि तिच्यातली खोट

सिनेमासाठी पैसे उभे करायचे तर आधी लोकांची खात्री पटवायला हवी, म्हणून फाळक्यांनी १९१२ मध्ये एक छोटी फीत केली. कुंडीत वाटाणा पेरला, रोज कॅमेऱ्याने फोटो घेतले आणि मग ते सलग दाखवले. पडद्यावर बी फुटून झरझर रोप झालं. आज याला टाइम-लॅप्स म्हणतात. बराच काळ चालणारी गोष्ट ठरावीक अंतराने टिपायची आणि क्षणात दाखवायची.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण म्हणतात, "रोज एक फ्रेम." मी भाचीला म्हटलं, कर हिशेब. महिनाभर रोज एक म्हणजे ३० फ्रेम. सेकंदाला १६ या वेगाने दोन सेकंदही भरत नाहीत. बघणाऱ्याने शिंक दिली तर रोप उगवून गेलेलं! एक मिनिटाची फीत हवी असेल तर ९६० फ्रेम लागतात, म्हणजे महिनाभर रोज ३२. दिवसरात्र काढायचे तर दर ४५ मिनिटांनी एक. पण १९१२ साली रात्री पुरेसा उजेड कुठला? फक्त दिवसाच्या १२ तासांत काढायचे तर साधारण दर साडेबावीस मिनिटांनी एक. म्हणजे कुणीतरी त्या कुंडीपाशी खिळून बसलं असणार, नाहीतर फीत आपण समजतो त्याहून बरीच छोटी असणार.

हे गणित फाळक्यांना खोटं पाडत नाही. आपण ऐकलेली गोष्ट सांगणाऱ्यांच्या तोंडी कशी गोल गोल होत गेली, एवढंच दाखवतं. वर्गात हा एक प्रश्न टाकला तर वनस्पतीची वाढ, भागाकार आणि ऐतिहासिक साधनांची तपासणी एकाच तासाला हजर होतात.

माळेतले दिवे पळतात कसे?

दहावीच्या विज्ञानात दृष्टिसातत्य भेटतं. डोळ्यावर उमटलेली प्रतिमा वस्तू गेल्यावरही क्षणभर टिकते, म्हणून सिनेमा हलता दिसतो, असं आपण परीक्षेत लिहून आलो. अर्धं बरोबर आहे. प्रतिमा टिकते म्हणून पडदा लुकलुकताना दिसत नाही. पण हालचाल का दिसते, याचं उत्तर त्यात नाही. फोटो नुसते टिकून एकावर एक साचले असते तर गिचमीड झाली असती, चाल नव्हे.

गणपतीच्या मंडपातली दिव्यांची माळ आठवा. दिवे 'पळतात'. प्रत्यक्षात एकही दिवा जागचा हलत नाही. एक विझतो, शेजारचा लागतो, आणि आपला मेंदू म्हणतो, "तोच तिकडे गेला." माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने याच धर्तीचे प्रयोग करून १९१२ मध्ये शोधनिबंध लिहिला. म्हणजे फाळके वाटाण्याचे फोटो जोडत होते त्याच वर्षी. सिनेमा पडद्यावर हलत नाही, तो आपल्या डोक्यात हलतो.

रसायनशास्त्र थोडक्यात. पट्टीवर चांदीच्या संयुगांचा थर असे. उजेड पडेल तिथे ती बदलत आणि धुतल्यावर काळी पडत. पट्टी स्वतः मात्र सेल्युलोज नायट्रेटची, भयंकर ज्वालाग्राही. ती जळताना स्वतःच प्राणवायू पुरवते, त्यामुळे पाण्यात बुडवूनही विझत नाही. जगभरातले मूकपट मोठ्या संख्येने नाहीसे झाले त्याचं हे एक कारण. पुण्यात २००३ मध्ये लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अशाच जुन्या फिती गेल्या. 'राजा हरिश्चंद्र'चाही आज पहिला आणि शेवटचा भागच पाहायला मिळतो, आणि काही अभ्यासकांच्या मते तोही फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीतला आहे.

तारामती कोण झालं होतं?

भाचीने तो उरलेला तुकडा पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, या बायका अशा का दिसतात?" कारण ते पुरुष आहेत. तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. ते ग्रँट रोडच्या एका हॉटेलात कामाला होते. सिनेमात तोंड दाखवायला एकही बाई तयार होईना. याच साळुंक्यांनी १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही केले.

इथे समाजशास्त्राचा तास सुरू होतो, आणि माझ्या मते तो या सगळ्यातला सर्वांत रसाळ आहे. १९१३ मध्येच फाळक्यांच्या पुढच्या चित्रपटात, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. आणि १९३२ मध्ये हीच हरिश्चंद्राची कथा प्रभातने 'अयोध्येचा राजा' म्हणून बोलपटात आणली तेव्हा तारामती झाल्या दुर्गा खोटे, मुंबईच्या सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातल्या. एकच पात्र, मधे १९ वर्षं. या दोन तारामती शेजारी शेजारी ठेवा आणि मुलांना विचारा, मधल्या काळात काय बदललं असेल? सनावळ्या पाठ करून हे कळत नाही.

'आलास?' हे एक वाक्य घ्या

भाषेचा तास संकलनापाशी लागतो. संकलन म्हणजे वेगवेगळे तुकडे कोणत्या क्रमाने जोडायचे ते ठरवणं. रशियात लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने शंभरेक वर्षांपूर्वी गंमत केली. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा त्याने एकदा सूपच्या वाडग्याशेजारी जोडला, एकदा शवपेटीशेजारी, एकदा एका स्त्रीशेजारी. बघणाऱ्यांना कधी त्या चेहऱ्यावर भूक दिसली, कधी दुःख, कधी अभिलाषा. चेहरा एकच होता.

घरातलं उदाहरण घ्या. आई दारात उभी राहून म्हणते, "आलास?" संध्याकाळी सातला म्हटलं तर त्याचा अर्थ चहा टाकते. रात्री दीडला म्हटलं तर अर्थ काय, तो ज्याच्या त्याच्या आईवर अवलंबून. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांवरून ठरतो, हे व्याकरणाच्या पुस्तकात चार पानं घेतं. तीन फोटो मागेपुढे करून मुलांना ते पाच मिनिटांत समजतं.

पण सिनेमा तर खोटा इतिहास शिकवतो!

शिकवतो, आणि फार परिणामकारकपणे शिकवतो. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये याची परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांना इतिहासाचा अचूक मजकूर वाचायला दिला आणि त्याच विषयावरच्या चित्रपटांतले तुकडे दाखवले. चित्रपट मजकुराशी जुळत होता तिथे लक्षात राहण्याचं प्रमाण वाढलं. पण चित्रपटात चूक होती तिथे जवळपास निम्म्या वेळा मुलांनी चित्रपटातली चूकच उत्तरात लिहिली, बरोबर मजकूर वाचलेला असूनही. 'चित्रपटात चुका असतात' असं मोघम सांगून उपयोग झाला नाही. 'ही अमुक गोष्ट चुकीची आहे' असं नेमकं सांगितलं तेव्हाच फरक पडला.

यावरून सिनेमा वर्गाबाहेर ठेवावा असं कुणी म्हणेल. पण मुलं तो वर्गाबाहेर बघतातच, आणि तिथे नेमकं बोट ठेवणारं कुणी नसतं.

आपल्याकडचं उदाहरण तर फार गोड आहे. 'आधी बीज एकले' हा अभंग कुणाचा? कुणालाही विचारा, तुकोबांचा म्हणतील. तो शांताराम आठवले यांनी प्रभातच्या १९३६ च्या 'संत तुकाराम' चित्रपटासाठी लिहिलेलं गीत आहे. इतकं हुबेहूब की पिढ्यान्‌पिढ्या फसल्या. मुलांच्या हाती गाथा द्या, तो अभंग शोधायला सांगा. सापडणार नाही. मग विचारा, आपण कशाच्या जोरावर इतके खात्रीने बोलत होतो?

अभ्यासक्रम कधी पुरा व्हायचा?

हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. शिक्षकांवर कामांचा ढीग आधीच आहे. त्यात 'चार विषय आलेच पाहिजेत' अशी अट घातली की ओढूनताणून जोडकाम होतं. सिनेमात किती गाणी आहेत ते मोजा, झालं गणित! त्याला काही अर्थ नाही. एका तुकड्यातून दोन विषय खरेखुरे निघत असतील तर दोनच काढावेत. समीकरणांचा सराव, शुद्धलेखन, पाढे यांना सिनेमाचा काही उपयोग नाही, ते ज्याच्या त्याच्या रस्त्यानेच व्हायला हवं.

फ्रान्समध्ये प्राथमिक शाळांसाठी १९९४ पासून एक उपक्रम चालतो. मुलं वर्गासोबत खऱ्या चित्रपटगृहात जाऊन वर्षाला तीनेक चित्रपट बघतात आणि परत येऊन त्यावर काम करतात. लक्षात घ्या, वर्षाला तीन. रोज एक नव्हे.

मुलं आधीच मोबाइलमध्ये डोकं खुपसून असतात

असतात. पण सरकत्या रिळांच्या ओघात वाहत जाणं आणि एक फ्रेम थांबवून वीस मिनिटं तिच्यावर भांडणं, या दोहोंत जेवढा फरक आहे तेवढा तोंडात कोंबणं आणि चाखणं यातही नसेल. वर्गात 'पॉज' हे बटण 'प्ले'पेक्षा जास्त कामाचं. शिक्षकांना सिनेमाचं खास शिक्षण हवं का? बरं असतं, पण सुरुवातीला तीन प्रश्न पुरतात: काय दिसतंय, काय ऐकू येतंय, आणि जे दाखवलं नाही ते काय असेल?

कायद्यात बसतं का?

मुख्याध्यापक हा प्रश्न हमखास विचारतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेच्या कामाचा भाग म्हणून चित्रपट दाखवायला मुभा आहे, मात्र प्रेक्षक विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेशी संबंधित लोक एवढेच हवेत. गावभर फलक लावून तिकीट काढलं तर ती मुभा संपली. भारतात चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे फाळक्यांच्या मूकपटांचा प्रश्नच येत नाही. नव्या चित्रपटांसाठी प्रमाणपत्र बघा. २०२४ पासून त्यावर ७+, १३+, १६+ अशी वयाची फोड आली आहे, ती शिक्षकांच्या सोयीची आहे.

प्रकल्पाचं काय झालं?

थर्माकोल आणला नाही. भाचीने भिजवलेली मटकी ओल्या फडक्यावर पसरली, ताईचा जुना फोन चार्जरला लावून मसाल्याच्या डब्याला टेकवला आणि वर टेबलाचा दिवा सतत चालू ठेवला. रात्री आठला सुरुवात, दर १० मिनिटांनी एक फोटो, ३६ तास. एकूण २१६ फोटो. सेकंदाला १२ या वेगाने लावले की १८ सेकंदांची फीत. हे सगळं तिने आधीच वहीत मांडून ठेवलं होतं.

पण पहाटे तीनला लाइट गेली ती साडेपाचला आली. फोन बॅटरीवर इमानदारीत काम करत राहिला, फोटो मात्र काळे आले, बरोबर १५. फीत लावली की पहिले साडेतीन सेकंद मटकी जेमतेम फुगते, मग सव्वा सेकंद मिट्ट काळोख, आणि उजेड येतो तर मोड बाहेर!

ताई म्हणते, ते काळे फोटो काढून टाक, बाईंना वाटेल बिघडलंय, मार्क जातील. भाची ऐकत नाही. ती म्हणते, काढले तर वाटेल मटकीला एकदम मोड आले, आणि तसं झालेलंच नाही. शुक्रवारी द्यायचा आहे प्रकल्प. अजून ठरलेलं नाही.